आडीतला मुहूर्त

नवी रेशमी वेष्टी नेसलेला एक तरुण तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवर उभा राहून लग्नपत्रिका उन्हात तिरकी धरत होता. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून... शेवटी वैतागून तो माझ्याकडे वळला आणि तमिळमध्ये म्हणाला, यात मंडपम कुठे लिहिलंय ते जरा बघता का?

मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. ती पत्रिका मीच केली होती. मरून कागद, सोनेरी अक्षरं, वर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टी. मी मंडपमच्या नावावर बोट ठेवलं आणि "बघितलं की दिसतं," असं पुटपुटले. तेही मराठीत, कारण रागावले की मला घरची तंजावुरी मराठीच सुचते.

तो एकदम खुलला. "अय्यो, तुम्ही आमच्यांतल्याच कां? मग मोकळं बोलतों. कोणी केली अहे ही? देव सापडले, आजोबा सापडले, आजोबांची एम.ए. सापडली... जेवायला कुठं जायचं तेवढं सापडेना."

"मी केली अहे," मी म्हटलं.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कुठली बस धरू, हे त्यानं फार नम्रपणे विचारलं. मी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की ती बस त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मग तो रिक्षाच्या मागे धावला. वेष्टी सावरत धावणारा माणूस तसा बरा दिसत होता, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी तोच माणूस आमच्या छापखान्यात फळ्यासमोर उभा. आमचे मालक श्रीनिवासराव, ज्यांना आम्ही राव सार म्हणतो, कौतुकानं सांगत होते की हा शेषगिरी, तिरुवैयारूला गाणं शिकवणाऱ्या चंद्रमतीबाईंचा मुलगा. चेन्नईत वेबसाइटी करायचा. आता गावोगावच्या छापखान्यांत जाऊन, जन्मभर कागदावर काम केलेल्यांना वेबचं डिझाइन शिकवतो. लोक हल्ली मोजक्याच पत्रिका छापून घेतात आणि बाकीच्यांना फोनवर लिंक पाठवतात, तेव्हा तुम्ही चौघांनी हे शिकलंच पाहिजे. शेषगिरीनं सगळ्यांना नमस्कार केला. माझ्यापाशी आल्यावर त्याचे हात जरा जास्तच वेळ जोडलेले राहिले.

त्यानं पहिला प्रश्न टाकला, पानाची रुंदी किती? मी ताडकन सांगितलं, पाच इंच. तो म्हणाला, वेबच्या पानाला रुंदी नसते, बघणाऱ्याच्या हातात जेवढा पडदा तेवढं ते पान. मी विचारलं, ज्याला कडाच नाही त्याला पान तरी कशाला म्हणायचं?

"कागद म्हणजे शिवलेला ब्लाउज," तो म्हणाला. "ज्या मापाचा शिवला तिलाच बसणार. हें साडीसारखं अहे. नेसणारी उंच असो, बुटकी असो, निऱ्या तिनं जुळवायच्या. तुम्ही निऱ्यांना जागा ठेवायची, बस."

माझी मैत्रीण लावण्या तोंडावर हात धरून हसायला लागली. मी मात्र गंभीरपणे विचारलं, "साडीतलं तुम्हांस एवढं ठाऊक कसं?"

"घरांत तिघी बहिणी. इस्त्रीचं काम माझ्याकडं होतं."

मला हसायचं नव्हतं. पण हसले.

पहिला धडा म्हणून मी एक सुरेख पत्रिका केली. सगळी अक्षरं चित्रातच बसवली, म्हणजे कोणाच्याही फोनवर माझी ओळ हलायला नको. त्यानं ती आपल्या आईच्या फोनवर उघडली. त्या फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली होती, पण माझं एकही अक्षर मोठं होईना, आणि मंडपमच्या पत्त्यावर बोट ठेवलं तर नकाशाही उघडेना. तो रागावला नाही, हसलाही नाही. फक्त म्हणाला, अम्मा या लग्नाला पोचायची नाही. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही आणि संध्याकाळी सगळं मोडून पुन्हा मांडलं.

त्यानंतर कसं कोण जाणे, शिकवणं दोन्हीकडून सुरू झालं. वर्ग सुटला की तो माझ्या टेबलापाशी रेंगाळायचा. कागद डोळे मिटून चाचपायचा, ही मोकळी जागा एवढीच का, असं विचारायचा. मी सांगायची की नाव एकटं उभं राहिलं तरच त्याला मान मिळतो. दुसऱ्या दिवशी तेच तो फळ्यावर लिहायचा आणि खाली खडूनं माझं नाव घालायचा, 'जननी सांगते'. लावण्या मला कोपर मारायची. कोपऱ्यावरून कॉफी आली की तो टंबलरमधली कॉफी खालच्या पसरट डबऱ्यात ओतून, निववून माझ्यापुढे सरकवायचा... मला गरम पिता येत नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

मला तो आवडायला लागला होता. लपवून काय उपयोग? पण जून अर्धा सरून तमिळ आणी महिना लागत होता, वर्ग संपत आला होता, आणि इथून तो कोइंबतूरच्या एका छापखान्यात शिकवायला जाणार होता. तिथून पुढे आणखी कुठे. तो जायच्या आत बोलायला हवं होतं. माझा स्वभाव मात्र पक्का छापखान्यातला. एकदा छापलं की पुसता येत नाही, म्हणून तोंड उघडायच्या आधी दहादा प्रूफ बघणारी मी. त्याला सांगायच्या एका वाक्याचं प्रूफ माझ्या मनात रोज निघत होतं आणि रोज नापास होत होतं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं आमच्याकडून एक पूर्ण लग्नाचं पान करून घेतलं. माझं पान चांगलं जमलं म्हणून त्यानं त्याची लिंक आईला, राव सारांना आणि स्वतःला पाठवून ठेवली. जननी जे बदलेल ते तुमच्या फोनवर दिसेल, बघत राहा, म्हणाला. मी हे ऐकलं होतं. पण माझ्या डोक्यात छापणं म्हणजे प्लेट, मशीन, शाईचा वास, आणि कोणीतरी केलेली सही. नुसतं सेव्ह दाबून काही जगात जातं, हे मनाला पटतच नव्हतं.

वधूवरांच्या जागी क-ख-ग लिहू नका, खरी नावं घाला, म्हणजे ओळ कुठे तुटते ते कळतं, असंही त्यानं शिकवलं होतं. दुपारी तो तिरुवैयारूला गेला. कावेरीला धरणाचं पाणी आलं होतं, आणि पाणी आलं की त्याची आई सगळ्या मुलांना घरी बोलावते. लावण्या जेवायला बसली होती. मी एकटीच. कोणाची तरी दोन नावं टाकून बघितली, ती बरी दिसेनात. मग... माझ्या बोटांनीच टाइप केलं. जननी. खाली शेषगिरी. वरच्या ओळीत मनाला आलेली एक तारीख घातली. दोन्ही नावं मोकळ्या जागेत अशी शोभून उभी राहिली की मी सेव्ह दाबलं आणि बघत बसले. जेवून आल्यावर बदलू, म्हटलं.

डबा अर्धासुद्धा झाला नव्हता, लावण्या फोन घेऊन धावत आली. चंद्रमतीबाईंनी मुलाचं नाव बघितलं होतं आणि पान आमच्या मराठी घरांच्या ग्रुपवर टाकलं होतं. तंजावूर, तिरुवैयारू, पापनाशम, सगळीकडे माझं लग्न पोचलं होतं. मी धावत जाऊन पान काढून टाकलं. पण लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते, आणि ते परत मागवायला मी कोणाकोणाच्या घरी जाणार?

मग माझ्या आईचा फोन आला. मला वाटलं, आता संपलं.

"जननी, आडी मासांत लग्न करतात कां कोणी?" आई म्हणाली. "वत्सला मावशीचा फोन, सीतारामरावांचा फोन, सगळे तेंच विचारतांत. मी काय सांगूं?"

मी घातलेली तारीख आणीनंतरच्या आडी महिन्यात पडत होती. आमच्याकडे त्या महिन्यात कोणी लग्नाचं नावही काढत नाही. मी हळूच विचारलं, आणखी कोणी काय म्हणालं? मुलाबद्दल कोणी काही म्हणालं नाही, आई म्हणाली. मग मात्र तिला भान आलं आणि ती ओरडली, की पण हें अहे काय, मला आधी कां नाही सांगितलंस?

राव सारांनी सुटकेचा रस्ता लगेच काढला. ग्रुपवर लिहून टाकतो, म्हणाले, छापखान्याचा नमुना होता, शिकताना चूक झाली. लावण्या तर म्हणाली, मी गंमत केली म्हणून सांग, माझं काय जातंय. दोघांचेही रस्ते सोपे होते. एवढं कबूल केलं असतं तर माझी अब्रू शाबूत राहिली असती, तो कोइंबतूरला गेला असता, आणि माझं वाक्य मनातल्या मनातच पिवळं पडलं असतं. मी राव सारांना थांबा म्हटलं आणि तिरुवैयारूची बस धरली.

त्या रस्त्यावर पाच नद्या लागतात. कालपर्यंत नुसती वाळू होती, आज सगळीकडे गढूळ पाणी पसरत होतं आणि पुलांवर माणसं गर्दी करून बघत होती. प्रत्येक पुलावर मी वाक्य नव्यानं जुळवत होते आणि पूल संपला की विसरत होते.

तो कावेरीच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसला होता, पाय पाण्यात सोडून. मला बघून उठलाच. खूप धावपळ झाली कां, अम्मानं विचारायला हवं होतं, ती अशीच अहे, असं काहीबाही बोलला. मग खाली बघून म्हणाला, "मी ग्रुपवर लिहितों, नावं मी घातलीं. शिकवतांना उदाहरण म्हणून. तुमच्यावर कांहीं यायचं नाही."

म्हणजे तिसरा रस्ताही तयार होता, आणि सगळ्यांत सभ्य. मला एकदम त्याचा रागच आला. सगळ्यांनी मिळून मला वाचवायचं ठरवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी घातलीं. चुकून नाही... म्हणजे, सेव्ह चुकून झालं. नावं चुकून नाही घातलीं." पुढचं वाक्य येईना. "मला तुम्ही हवे अहात. हें मी नीट सांगणार होतें, तयारी करून. तें कांहीं जमलं नाही."

पाणी पायरीवर चढत होतं, खालच्या पायरीवर कोणीतरी ठेवलेला दिवा भिजून विझला. मी मनात म्हटलं, बरं, निदान छापून तर झालं.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पान. अम्माच्या आधी मलाच दिसलं, बसमध्यें. तुम्ही सेव्ह दाबलं आणि माझ्या फोनवर आलं." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. "चूक अहे म्हणून कळलं. काढायची किल्ली माझ्याकडं अहे. एक बोट लावायचं काम... उतरायचं गांव आलं, मागं गेलं, तरी मी बघतच होतों. मला काढवलं नाही, जननी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं वर्गात एवढ्यांदा सांगितलं होतं, चूक दिसली की लगेच दुरुस्त करा. हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही. तो काळजीनं जवळ सरकला आणि माझ्या हातावर हात ठेवावा की नाही, या विचारात त्याचा हात तसाच अधांतरी राहिला. मीच तो खाली आणला.

माझा फोन पुन्हा वाजला. आई होती. एव्हाना तिला आणखी कोणाकोणाचे फोन आले होते देव जाणे. पत्रिका खरी की खोटी, एवढं एकदाचं सांग, म्हणाली, मी लोकांना काय उत्तर देऊं?

"आई, सगळ्यांना सांग," मी म्हटलं, "तारीख चुकली अहे. तेवढीच."