सोळाशे फुटांची फट

मे महिन्यातल्या एका सकाळी जोलीन लॉस एंजेलिसहून दक्षिणेला निघाली, वेंडेलकडून एक नकाशा आणायला. समुद्रावरचं धुकं अजून रस्त्यावर बसून होतं. हायवेची जादा पैसे भरून वापरायची टोल लेन मोकळी होती. गाडीत ती एकटीच, म्हणून काचेवरच्या टोलयंत्राचं बटण तिने एकवर सरकवलं. गाडीत माणसं किती, ते बटणाने सांगायचं; त्यावर टोल ठरतो. लेनवरच्या टोलकमानीवरचा दिवा तोच आकडा दाखवतो आणि पोलीस तो बघतात.

वेंडेल रस्ते आखायच्या कचेरीतला तिचा साहेब, आणि गुरूही. टोल लेनमधून बाहेर पडायला, एरवी ओलांडायची नसते त्या दुहेरी पांढऱ्या रेघेत किती लांब फट सोडायची, हे त्यानेच शिकवलेलं. "पोरी, एकेका लेनला आठशे फूट. माणसाला आरशात बघायला सवड नको?" परतीच्या बाजूला चार लेन ओलांडायच्या, म्हणून तिने बत्तीसशे फूट आखले होते. रस्त्यावर सोळाशेच उतरले. मार्चमध्ये त्या फटीत दोन बहिणी ट्रकखाली गेल्या. उद्या चौकशी होती.

वेंडेलने तिला दारातच उभं ठेवलं.

"माझा मूळ नकाशा द्या."

"कुठला मूळ? सोळाशेच्या कागदावर इंजिनिअर म्हणून शिक्का तुझाच आहे."

"रजेवर जाताना शिक्का तुमच्या खणात ठेवला होता मी. विश्वासाने!"

"दुसऱ्या कमानीला जागा पुरेना गं, म्हणून फट कापली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. तू तरुण आहेस, सावरशील."

पंधरा वर्षं ज्याला बापाच्या जागी मानलं, त्यानेच केसाने गळा कापला. तिचं नाव, तिचा परवाना, सगळं उद्या जाणार होतं. तिला रडूसुद्धा येईना.

परतताना धुकं दाटलं होतं. पहिल्या कमानीवर एकचा दिवा लागला. दुसरी कमान आली, जिच्यासाठी फट कापली ती.

तीन.

तिने यंत्राकडे पाहिलं. बटण एकवरच होतं. गाडीत जळक्या रबराचा वास भरला आणि वळणाचा दिवा आपोआप टिकटिकू लागला. तिच्या नकाशातली फट इथूनच सुरू व्हायची. बाहेर मात्र अखंड दुहेरी रेघ होती.

"बाई... वळू का आता?" मागून कोणीतरी हळूच विचारलं.

"अजून... अजून रेघ आहे," जोलीनच्या तोंडून निघून गेलं.

"मग कुठे वळायचं?... तुम्हीच आखलीत ना?"

"मी नाही हो! वेंडेलने..."

"कागदावर तुमचं नाव आहे..."

पुढे काय केलं ते तिला आठवत नाही. हायवेवरून उतरल्यावर सिग्नलला गाडी थांबली. तिने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, पण मागच्या सीटचे दोन्ही पट्टे लावलेले होते. हात मागे लांबवून तिने ते सोडवले. कापड उबदार लागलं.

ती पुढे वळली. मागे खट् झालं. मग पुन्हा एकदा, खट्.