मूड: निवांत

गाणं ऑनलाइन चढवायचं तर तीन रकाने भरावे लागतात. टेम्पो, स्केल, मूड. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरात लोळणाऱ्या पोराला एवढं तरी जमेल, असं बाबांना वाटलं. म्हणून त्या दुपारी मी फर्निचरच्या दुकानामागच्या त्यांच्या जुन्या स्टुडिओत बसलो होतो. कुबट फोमचा वास, बंद पंखा, भिंतीला टेकलेली बाबांची गिटार आणि एक बेस. मागे सोफ्यावर बाबा आणि त्यांचे बेस वाजवणारे मित्र, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात.

गाणं त्यांच्या बँडचं, एकुलतं एक गाजलेलं. सॉफ्ट रॉक. मंद गिटार आणि खालून धप्... धप्... असा ठोका. ड्रम्सवर माझा काका होता, बाबांचा धाकटा भाऊ. ह्याच गाण्याचं रेकॉर्डिंग संपलं तेव्हा तो ड्रमच्या खोलीत मेलेला सापडला. दम्याचा झटका. "शेवटपर्यंत लय सोडली नाही पठ्ठ्याने," असं बाबा येईल त्याला सांगतात आणि मग माझ्याकडे बघतात.

स्केल डी मेजर, बाबांनी सांगितलं. मूड निवांत. टेम्पो मात्र सॉफ्टवेअरला ठरवता येईना. सुरुवातीला मिनिटाला एकशेवीस ठोके, मधे साठ, शेवटाकडे आणखी खाली. मास्तर हसले. म्हणाले, मुळात गाणं धावतं होतं, पण त्या दिवशी तुझ्या काकाने मधेच संथ ठोका धरला आणि आम्ही त्याच्या मागे गेलो. जादूच झाली म्हणे.

मी ड्रमचा ट्रॅक वेगळा काढला आणि आवाज वाढवला. संथ झाल्यापासून तो ड्रम नव्हताच. प्लायवूडवर कोणीतरी तळहात आपटत होतं. मग एकच हात. मग नुसती बोटं...

ड्रमची खोली कपाटाएवढी. खिडकी नाही, भिंतींना जाड फोम, दार प्लायवूडचं, कडी फक्त बाहेरून. गाणं संपेपर्यंत कडी उघडायची नाही, हा बाबांचा नियम. माइक मोठ्या ड्रमच्या पोटात ठेवलेला, अजून तसाच. त्यात धक्के पोचतात, हाका नाही.

"बाबा, काका दार वाजवत होता."

मी हेडफोन पुढे केला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"तुला लयीतलं काय कळतं?"

मास्तर चष्मा पुसत बसले. बाबांच्या ह्या पिढीला आयुष्यात कोणाचं काही ऐकूच आलेलं नाही. कॉलेजात मी गुदमरतोय म्हणून वर्षभर घसा फोडला, तेव्हाही बाबांचं उत्तर एकच, होईल सवय. आणि नंतर मीच नालायक.

डोकं फिरलं. म्हटलं, मी आत जातो, कडी लावा, मी दारावर हात मारतो. स्पीकरवर ऐका आणि मग सांगा तो ड्रम होता का. लगेच उघडा.

बाबांनी कडी लावली.

आत मिट्ट काळोख. रबर आणि जुन्या घामाचा वास. मी दारावर हात मारले. थांबलो. पुन्हा मारले. हाक दिली तर ती फोमने तोंडासमोरच गिळली. हवा जड होत चालली. आणि मग पायाखालच्या लाकडातून आलं... गिटार. डी मेजर. मागोमाग मास्तरांचा बेस. माझ्या हातांच्या ठोक्यावर, अगदी नेमकं.

ते वाजवत होते.

मी शिव्या घातल्या, लाथा घातल्या. गाणं फक्त जरा जोमात आलं. श्वास आखडायला लागला तेव्हा सुचलं, ठोकाच बंद केला तर ह्यांना थांबावं लागेल. मी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून भिंतीला टेकलो.

ठोका थांबला नाही.

धप्... धप्... त्याच दारावर, आतून, माझ्या खांद्याच्या अगदी शेजारी. हळूहळू मंदावत. बाहेरचं गाणंही त्याच्याबरोबर मंदावत गेलं.

गाणं संपल्यावर कडी निघाली. मी बाहेर कोसळलो, हात तसेच काखेत. बाबांचे डोळे भरून आले होते.

"पहिल्यांदाच लय धरलीस," ते म्हणाले.

माझ्या मागे, रिकाम्या खोलीत, अजून कोणीतरी बोटं आपटत होतं. बाबांचा पाय त्यावर ताल धरून हलत होता.