ब्रेकमध्ये खोबरेल

माझ्या स्कूटरचा पुढचा ब्रेक दिवेआगरच्या वळणावर आवळून बसला तो बसलाच. मागून एक टेम्पो येऊन थांबला, नारळांनी गच्च भरलेला. त्यातून विनेश उतरला; तेव्हा आमची ओळख नव्हती.

त्याने हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी उघडून वास घेतला, आणि... हसू दाबत माझ्याकडे पाहिलं.

"खोबरेल कुनी ओतलं यात?"

बाबांनी! मीच नोकरीच्या गावाहून, माणगावहून, घरी फोनवर सांगितलं होतं, ब्रेकचं ऑइल संपत आलंय, तेवढं घालून ठेवा. घरच्या नारळांचं तेल असताना बाबा दुकानात कशाला जातील? त्या तेलाने आतलं रबर फुगून ब्रेक अडकला होता.

"आनि तुम्ही काय करता?"

सांगायची लाजच वाटली. "कंपनीत आहे. ब्रेकमधलं रबरी सील दाबाखाली कसं वागतं, ते कॉम्प्युटरवर मांडते."

तो इतका मोकळा हसला, की माझा राग टिकेना. स्कूटर टेम्पोत चढली, नारळांशेजारी मीही.

मग तो माणगावच्या बाजारात आला की शहाळं घेऊन कंपनीच्या फाटकाशी थांबू लागला. "काय म्हनतंय तुमचं रबर?"

एकदा मी लॅपटॉपवर दाखवलं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो, त्याला धरून बसलेलं रबरही वाकतं. दाब सुटला की सरळ होताना त्याला मागे ओढून घेतं.

"किती मागं?"

"अगदी केसभर—"

तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मला बरं वाटलं.

मग कंपनीने मला दोन वर्षांसाठी चेन्नईला निवडलं. मला जायचं होतं. आणि याने काहीतरी बोलावं, असंही फार वाटत होतं. फाटकाशी त्याला सांगितलं, तर हा म्हणाला, "छान झालं."

"एवढंच?" मी भडकलेच.

"अडवू कशाला? तुमच्या कामाचं हाय ते."

"अडवू नका हो... पण बोला तरी!"

तो टेम्पोच्या दोरीची गाठ उगाच सोडत-बांधत राहिला. "मग... लगीन करून जाल?"

"आणि तुमचा धंदा?"

"भाऊ बघंल इथलं. चेन्नईपर्यंत रस्ता हाय की!"

"बाबांना विचारलंत?"

"कालच इचारलं. म्हनाले, मना काय इचारतोस, तिला इचार."

म्हणजे कालपासून हा माणूस गप्प होता! मी "हो" म्हटलं. टेम्पोचं इंजिन धडधडत होतं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, तर फाटकावरच्या वॉचमनकाकांनीही वळून पाहिलं.