पिवळ्या बदकांची पट्टी

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झालेली, मंगळवार. सासूबाई टिटवाळ्याला गणपतीला गेलेल्या. मी नयनला झोळीत टाकत होते, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा आला.

आम्ही शहाडला राहतो. आमचे हे बाहेरच्या खोलीत रिक्षाच्या बॅटऱ्या जुळवतात. सेलवर पत्र्याच्या पट्ट्या वेल्डिंगने चिकटवायचं तयार मशीन महाग, म्हणून त्यांनी भंगारातून जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर आणला. दिसायला नारळाएवढा, पण उचलला की मनगट दुखतं. आतली बारीक तार करवतीने कापून काढली आणि तिथे वेल्डिंगची जाड केबल घातली, दोनच फेऱ्या.

"केबल लोखंडाला घासतेय गं. सुती काहीतरी दे."

मी नयनचं आखूड झालेलं झबलं फाडून पट्टी दिली. पिवळं, त्यावर बदकं. लेकराच्या अंगाचं कापड आमच्यात कुणाला देत नाहीत. पण मला वाटलं, घरातच तर राहतंय.

ह्यांनी बटण दाबलं. हूंऽऽ... केबलच्या टोकांमधला खिळा हळूहळू लाल झाला, देवापुढच्या निरांजनासारखा.

"बघ! व्होल्ट दोनच, पण करंट बघ."

माझं लक्ष खिळ्यावरून केव्हाच उडालं होतं. रोज तासभर रडणारा माझा चार महिन्यांचा नयन एका क्षणात झोपला होता.

मग मीच म्हणायला लागले, अहो, जरा चालू करा ना. ते हसायचे. "तुझ्या पोराला अंगाई लागते, तीपण चारशे अँपिअरची!" दुपार जड व्हायची, पडदा हलायचा नाही. तारेवरच्या गरम वॉर्निशच्या वासात हळूच दुधाचा वास मिसळायचा. त्या हूंमध्ये चाल होती. कुणीतरी बाई ओठ मिटून गातेय अशी... मलाही डुलकी लागायची.

बुधवारी तो तीन तास झोपला. गुरुवारी पाच. शुक्रवारी सकाळी पाजायला घेतलं तर तोंड फिरवलं आणि परत डोळे मिटले. माझी छाती दुधाने ठणकत होती. दुपारी पाय चोळले, पाणी शिंपडलं, उठेना. झोपेत हसत होता. अंग गार.

"अहो... बंद करा ते!"

ते दारातून म्हणाले, "अगं, बंदच आहे. पिन बघ, माझ्या हातात आहे."

हूंऽऽ...

घड्याळात दोन चाळीस. नयनच्या ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता. ताजा. मी सकाळपासून पाजलं नव्हतं.

मी धावले. केबलखालचं कापड बोटाला लागलं, ते ओढून काढलं. काळं, चिकट, कोमट. आवाज थांबला. आणि आत नयनने असा टाहो फोडला की शेजारच्या विनिताताई धावत आल्या. मी त्याला छातीशी घेतलं. तो घटाघटा प्यायला.

ह्यांनी त्याच संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर भंगारात परत दिला.

शनिवारी मी ते कापड धुवायला घेतलं. काळं पाणी गेलं, गेलं, आणि खालून रंग आला. लाल. बारीक पांढरी फुलं, हाताने भरलेली. कुणाच्यातरी बाळाच्या कुंचीचं.

"तुम्ही हे घातलेलं?"

"नाही गं. आत कापड नव्हतंच. मी तुझीच पट्टी घातली..."

म्हणजे आमची अजून आतच आहे.

मी नयनला कडेवर घेऊन भंगारवाल्याकडे पळाले. तो म्हणाला, "कालच गेला ताई. एक बाई घेऊन गेली. वजनसुद्धा केलं नाही, कडेवर घेतला आणि चालत गेली."

नयन आता रडतो, पितो. फक्त दुपारी दोन चाळीसला गप्प होतो आणि दाराकडे बघून ओठ मिटून हूं करतो.

म्हणून लिहिते. कल्याण, ठाणे, कुठेही घरी असं मशीन बनवणारा कुणी ओळखीचा असेल तर सांगा. केबलखाली पिवळी पट्टी दिसली, त्यावर बदकं असली, तर बटण दाबू नका. ती पट्टी काढून शहाडला आमच्याकडे पोचवा. तुमच्याकडे नसेल तर पुढच्याला सांगा. दुपारच्या आत सांगा.