दही-साखर आणि मागचं दार

कॉम्प्युटरनं नेमून दिलेला जोडीदार पहिल्या दिवशी नूतनच्या स्क्रीनवर आलाच नाही. आली ती एक म्हैस. तिनं रवंथ करत नूतनकडे निवांत पाहिलं, एक कान हलवला, आणि मग कुठून तरी एक तरुण घाईघाईनं मध्ये घुसला.

"ती मन्ही नही, काकानी शे," तो म्हणाला, आणि लाजून लगेच पुस्तकी मराठीवर आला. "म्हणजे... माझी नाही, काकांची आहे. नमस्कार. मी समाधान, शिंदखेड्याचा. घाबरलो की तोंडात अहिराणीच येते. रेंज गोठ्यातच मिळते, म्हणून इथं बसलोय."

"आणि घाबरलात कुणाला?"

"म्हशीला नाही," तो म्हणाला.

इकडे सावदा गावी आपल्या घरात नूतन खुदकन हसली. डेटा ॲनालिसिसचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स असा सुरू झाला.

दोघादोघांच्या जोड्या लावायच्या आणि एकानं शिकलेलं दुसऱ्याला समजावायचं, अशी या कोर्सची रीत. नूतनला तर पास होणं भागच होतं. जळगावच्या एका बियाणे कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, पण मेअखेर प्रमाणपत्र दाखवलं तरच. आणि नोकरी हुकली तर पोरीसाठी स्थळं पाहायची, हे नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आधीच जाहीर करून टाकलं होतं.

रोज सकाळी सहा ते आठ अभ्यास चाले. समाधानची सगळी उदाहरणं दुधाची, नूतनची केळीच्या घडांची. होळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पुढं पुढं तर नूतन सहाच्या अभ्यासाला पावणेसहालाच वेणी घालून बसू लागली.

"आज गजरा?" त्यानं एकदा विचारलं.

"आईनं दिला... सहज."

"मला कुणी काही दिलं नाही," तो म्हणाला, "तरी मी भांग पाडलाय. कुणी बघत असेल तर बघावं."

कुणीतरी बघत होतंच. फक्त सांगत नव्हतं.

मग परीक्षा आली. खोलीत एकट्यानं बसायचं, कॅमेरा चालू, दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बाद. समाधान गोठ्यातूनच पास झाला. म्हैस दोनदा डोकावली, पण तिला कॉम्प्युटरनं माणसात धरलं नाही.

नूतन मात्र ऐन मे महिन्यात, आवाज नको म्हणून कूलरसुद्धा बंद करून, घामाघूम होऊन सोळाव्या प्रश्नाशी झगडत होती, तेव्हा दार उघडलं. इंदिराबाई, तिची आई, वाटी घेऊन आत आल्या. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पोर परीक्षेला निघाली की उंबरठ्यावर तिच्या हातावर दही-साखर ठेवायची, हे त्यांनी बालवाडीपासून कधी चुकवलं नव्हतं. पण ही पोर निघालीच नाही! स्वयंपाकघरातून उठली आणि थेट परीक्षेत जाऊन बसली. मग दही द्यायचं कधी?

"परीक्षेले बसली अन् दही नाही, असं कसं चालीन?" असं म्हणून त्यांनी चमचा तिच्या तोंडात घातला, आणि स्क्रीन लाल झाली. परीक्षा बाद. आता एकच संधी उरली होती, आठ दिवसांनी.

नूतननं समाधानला फोन लावला आणि दहा मिनिटं नुसती रडली.

"आईंना रागावू नकोस," शेवटी तो म्हणाला. "त्यांना निरोप द्यायला दार पाहिजे. तू घरातून निघ."

"जाऊ कुठं?"

"पुढच्या दारानं बाहेर, मागच्या दारानं आत. आणि खोलीच्या दारावर... मी बसतो."

"शिंदखेड्याहून येऊन?"

"भुसावळपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. म्हशीला सांगून निघतो."

आणि तो खरंच आला. सहा महिने तो फक्त खांद्यापर्यंत दिसला होता. खाली एवढी उंची असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ती दोन क्षण परीक्षाच विसरली.

इंदिराबाईंनी उंबरठ्यावर दही-साखर दिली. नूतन पाया पडून निघाली, नानांनी तिची पिशवी फाटकापर्यंत नेली, आणि घराला वळसा घालून, केळीच्या वाळत्या पानांवरून चालत ती मागच्या दारानं आत शिरली. त्यानंतर दोन तास त्या घरात चमचासुद्धा वाजला नाही.

शंभरात शहाऐंशी! डोळे पुसत तिनं दार उघडलं. आई-वडील दोघांनी दाराकडे फिरकू नये म्हणून समाधाननं त्यांना जमिनीवर बसवून, खडूनं घडांची चित्रं काढून, कुजबुजत सरासरी शिकवायला घेतली होती. नानांना ती आलीही होती.

संध्याकाळी तो निघाला. नूतन अंगणात आली. त्यानं चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

"माले... तू आवडस," तो म्हणाला. "आते घरमा बठ्ठास्ले सांगनं शे."

अहिराणी आली म्हणजे स्वारी घाबरलेली. नूतनचा ऊर सुखानं भरून आला.

"घाबरलास कुणाला?"

"म्हशीला नाही."

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "गजरा आईनं आपणहून दिला नव्हता. मीच मागून घेतला होता."

इंदिराबाई दारातच होत्या. त्या आत गेल्या, वाटी घेऊन आल्या आणि त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. घरी सगळ्यांना सांगायचं म्हणजे परीक्षाच की.

"आता मागच्या दारानं ये," नूतन हळूच म्हणाली.

"नाही. पुढच्याच दारानं येईन. चार माणसं घेऊन."

ओट्यावर बसलेले नाना खाकरले. "खुशाल आण," ते म्हणाले. "या परीक्षेत दुसरं माणूस दिसलं तर बाद करत नाहीत."