बारा सेकंदांची मासेमारी

भागुबाई शुक्रवारी सकाळी सातला दादा वर्तकांच्या अंगणात आली, तेव्हा तिच्या डोक्यावर मासळीची पाटी नव्हती. हातात सरकारी कागद होता.

"वाचा दादा. माझे घरवाल्याला चोर ठरवलाय."

दादा पायरीवर बसले. चष्मा पुसून त्यांनी कागद वाचला. मत्स्यव्यवसाय खात्याची नोटीस होती. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या बंदीच्या काळात, मंगळवारी ३ जूनला, विठोबाने 'चंद्राबाई' ही बोट नेऊन रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी जाळं ओढलं, असा आरोप होता. पुरावा म्हणून टीव्हीवर दाखवलेली क्लिप. सोमवारी अलिबागला हजर राहा आणि परवाना रद्द का करू नये ते सांगा.

"परवाना गेला म्हंजे बोट गेली," भागुबाई म्हणाली. "सासूच्या नावाची बोट हाय ती."

दादांनी बत्तीस वर्षं बातम्यांसाठी कॅमेरा खांद्यावर घेऊन काढली होती. पूर, दंगली, निवडणुका, सगळं. निवृत्त होताना कंपनीकडून आपलाच कॅमेरा विकत घेतला आणि रेवदंड्याच्या वाडीत राहायला आले. माघात बायको गेली, कुमुद. तेव्हापासून कॅमेरा कपाटात होता.

"मंगळवारी सकाळी बोट कुठे होती?"

"खाडीत, नांगरून. उधाणाच्या भरतीबिगर वर कशी काढायची? पुनव येत्या बुधवारी हाय."

"कुणी बघितली?"

"समद्यांनी. पन समदे कोळीच ना. अलिबागच्या हापिसातली मॅडम बोलते, तुम्ही एकमेकांचेच साक्षीदार."

दादांनी फोनवर क्लिप लावली. बरोबर बारा सेकंद. एक बोट, चार माणसं, जाळ्यात चमकणारी मासळी. मागे कोर्लईचा किल्ला, त्याच्या अलीकडे पाण्यातल्या खडकांची काळी खडप. बोटीचं नाव आणि नंबर धूसर केलेले. पण पुढच्या टोकावर रंगवलेली लाल मासोळी तेवढी झाकायची राहिली होती, आणि ती मासोळी विठोबाची हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. खाली पट्टी: मंगळवार, सकाळी साडेसात.

"थांबवा!" भागुबाईने बोट काचेवर टेकवलं. "ह्यो खडप बगा. पार बुडापातूर उघडा हाय. मी त्याच्यावर कालवं काढते. पुनवंला नायतर अवसेला, सकाळच्या ओहोटीलाच तो एवढा उघडा पडतो. मंगळवारी काय होता?"

दादांनी भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. "अष्टमी."

"आठम! तिथीची पाऊणपट करा. आठाचे सहा. सहा वाजता भरती, ती पन भांगाची, पानी फार हटतच न्हाय. साडेसातला खडप पाण्याखाली असंल का वर?"

"पाण्याखाली."

"मंग?"

"मग हे चित्रण मंगळवारचं नाही," दादा म्हणाले. "हे मॅडमना सांगितलंस?"

"टीव्हीवर भुर्रकन गेला. नीट आत्ता बगते. आनि कॅमेऱ्यापुढं माझी तिथी कोन ऐकतंय?"

ते खरं होतं. क्लिप कुठून आली आणि कुणी पाठवली, हे दाखवल्याशिवाय सरकारी कार्यालयात भरती-ओहोटी कुणी ऐकली नसती. दादांनी मुंबईला मुलीला फोन लावला. अनुया बातम्यांच्या डेस्कवर होती, आणि क्लिप तिच्याच वाहिनीने दाखवली होती.

"बाबा, चहा झाला का?"

"झाला. ती रेवदंड्याची क्लिप कुणी पाठवली गं?"

"बाहेरून आली. कुणीतरी गावाकडचा स्ट्रिंगर असेल, बातमीमागे पैसे घेणारा. नावं सांगत नाहीत आमच्याकडे."

"बोट विठोबाची आहे."

"बघितलं मी. वाईट वाटलं. रविवारी येते मी, बाबा."

फोन ठेवेपर्यंत विठोबा स्वतः दारात आला. धावत आल्याने त्याला दम लागला होता.

"दादा, चला लवकर. वाडीतली पोरं दीपेशच्या दुकानावर गेलीत. माझा ऐकत न्हाईत."

दीपेश लग्नांची शूटिंग करायचा. वाहिन्यांना चालेल असा कॅमेरा गावात दोघांकडेच होता. दादांचा कपाटात, म्हणजे उरला दीपेश. गावाचा हिशोब इतका सरळ होता. शिवाय गेल्या वर्षी मासळी सुकत घालणाऱ्या बायकांवर त्याने ड्रोन उडवला म्हणून विठोबाने तो ड्रोन समुद्रात भिरकावला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

अर्ध्या उतरवलेल्या शटरखालून दादा वाकून आत गेले. विठोबा बाहेर पोरांना धरून उभा राहिला.

"दादा, हे लोक मला मारणार," दीपेश म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात ह्यांच्याच भाचीची हळद शूट करायचीय मला!"

"मंगळवारी सकाळी कुठे होतास?"

"झोपलेलो. रात्री पेणला रिसेप्शन होतं."

"साक्षीदार?"

"झोपेला कोण साक्षीदार, दादा?"

"विठोबावर राग आहे ना तुझा?"

"आहे. लपवत नाय. पण डोकं लावा ना. क्लिपमधे बोटीचं नाव ब्लर केलंय. मी पाठवली असती तर ब्लर केलं असतं? मी लाल बाण मारून वर गोल केला असता!"

दादा हसले नाहीत. मुद्दा बिनतोड होता. दुष्मन नाव कशाला झाकेल?

"तुझे मूळ कार्ड दाखव. अजून दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड करतोस ना?"

"करतो की. तुम्हीच शिकवलंत. एक खराब झालं तर दुसरं हाताशी. हे घ्या, मे महिन्यापासूनचं सगळं आहे."

कार्डांत लग्नं होती, हळदी होत्या, एक बारसं होतं. समुद्र कुठेच नव्हता. पण कार्ड पुसताही येतं. दादा म्हणाले, "ती क्लिप तुझ्या मोठ्या मॉनिटरवर लाव."

दीपेशने वाहिनीच्या साइटवरून लावली. दादा जवळ सरकले. फोनवर जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात, किल्ल्याच्या गडद तटावर, एक बारीक हिरवा ठिपका. बोट हलत होती, पाणी हलत होतं, ठिपका जागचा हलत नव्हता.

"सेन्सरचा कण गेलाय," दीपेश म्हणाला. "ज्या कॅमेऱ्याचा असेल त्याच्या प्रत्येक शॉटमधे दिसणार."

"तुझा कॅमेरा घे. लेन्सला झाकण लाव. गेन पूर्ण वाढव."

मॉनिटर काळा झाला, मग गेनने उजळत राखाडी, दाणेदार. ठिपका कुठेच नव्हता.

"बघा! सुटलो ना मी?" दीपेशला हायसं वाटलं. "दादा? काय झालं?"

"काही नाही," दादा म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी पोरांना सांगितलं, "हा नाही. घरी जा." कोण ते सांगितलं नाही.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. कॅमेरा बाहेर काढला. बॅटरी मेली होती, ती चार्ज होईपर्यंत ते खुर्चीत बसून राहिले. मग लेन्सला झाकण लावून गेन वाढवला.

हिरवा ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात होता.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुमुदच्या साड्यांखाली एक पुडी होती. पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं कार्ड, वर कागदी टेप, टेपवर दादांचं अक्षर: पौष पौर्णिमा. टेप जशीच्या तशी होती. ते पुडी हातात घेऊन पलंगावर बसले. उघडली नाही. दिवेलागण झाली तरी दिवा लावायचं त्यांना सुचलं नाही.

रविवारी अनुया आली. दुपारी भागुबाईने दोघांना जेवायला बोलावलं. बंदीत ताजी मासळी नव्हती, तरी सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती.

"घे गो, लाजू नको," भागुबाई वाढत राहिली. "आये तुझी अशीच चिमणीसारखी जेवायची."

विठोबा मान खाली घालून बसला होता. "अनुताय, तुझे हापिसात कोनाला सांगून बग ना," तो म्हणाला. "मी बंदीत कवा जाळा टाकला न्हाय. माझा बापूस पन न्हाय."

"बघते, काका," अनुया म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

संध्याकाळी दादांनी विचारलं, "अनु, मला काही सांगायचंय का तुला?"

"नाही, बाबा. का?"

"उद्या अलिबागला चल. तुमच्या वाहिनीचं कुणी असलेलं बरं."

सोमवारी रिक्षात अर्धा तास ती त्यांच्या शेजारी होती. दादांनी चौल येईपर्यंत वाट पाहिली, मग नागाव येईपर्यंत, मग अलिबाग आलं.

कार्यालयात कल्पिता मॅडम फायली बाजूला करून बसल्या. विठोबा आणि भागुबाई उभेच होते. दीपेश लॅपटॉप घेऊन आला होता, दादांनी सांगितलं होतं म्हणून.

"आधी तारीख," दादांनी सुरुवात केली. "ही खडप बघा. मंगळवारी अष्टमी होती, सकाळी सहाच्या सुमाराला भरती. साडेसातला ही खडप पाण्याखाली असते. हे भागुबाईने ओळखलं, मी नाही. तुमच्याकडे बंदराचं भरतीचं कोष्टक असेल, ते बघा."

मॅडमनी कोष्टक काढलं, बोट फिरवत बघितलं, आणि भागुबाईकडे पाहिलं. "बरोबर आहे. पुढे?"

"पौर्णिमेची किंवा अमावस्येची सकाळ हवी. आता कॅमेरा. ह्या कोपऱ्यात ठिपका आहे. दीपेशच्या कॅमेऱ्यात तो नाही. माझ्यात आहे."

"म्हंजे तुम्ही?" विठोबाच्या तोंडून निघालं.

"शूट मी केलंय. पौष पौर्णिमेला. कुमुदला एकदा उगवतीला जाळं वर येताना बघायचं होतं. तू बोटीवर होतास, आम्ही तुझ्या भावाच्या होडीत. तेव्हा मासेमारी चालू होती, गुन्हा कसला?"

"मग टीव्हीवर बघून तुम्हीच ओळखलं कसं नाही?" मॅडमनी विचारलं.

"माझं मूळ चित्रण मी कधी बघितलंच नाही. शूट करताना डोळा कॅमेऱ्याला होता, लक्ष शेजारी होतं. पुढल्या महिन्यात ती गेली. मग बघवलं नाही. आणि मी ते बघणार नाही, हे ज्याला पक्कं माहीत होतं, त्यानेच हे केलं."

दादांनी पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

"माझा कॅमेरा दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड करतो. एक कार्ड हे. टेप मी लावलेली, आजवर कुणी उघडलेली नाही. दुसरं मी तेराव्याला एका माणसाला दिलं. त्या माणसाला विठोबाचं वाईट करायचं नव्हतं, म्हणून बोटीचं नाव झाकलं. त्याला फक्त बंदीतल्या मासेमारीची बातमी द्यायची होती, आणि दाखवायला चित्र नव्हतं. लाल मासोळी तेवढी झाकायची राहिली."

अनुया उभी राहिली. "बाबा."

"बोल. आता तरी बोल."

"संपादक मागेच लागले होते. बातमी खरी होती, काही बोटी खरंच जातात. फक्त दृश्य नव्हतं. मी जुनं म्हणून पाठवलं होतं. त्यांनी आजचं आहे ना विचारलं आणि मी हो म्हणाले. काकांपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं."

"शुक्रवारी आलं. मी फोन केला तेव्हा कळलं होतं तुला. पोरं दीपेशला मारायला निघाली होती. काल ह्यांच्या घरी जेवलीस."

अनुयाने विठोबाकडे एकदा पाहिलं.

"तुझं कार्ड कुठे आहे?"

"ऑफिसात. सगळी कार्डं एकत्र असतात." ती दाराकडे सरकली. "पुसून परत वापरतात ती."

दादांनी एकदाच मान हलवली. मग पुडीची टेप फाडली आणि कार्ड दीपेशकडे दिलं.

तीच बोट आली. तेच जाळं, तीच खडप. बारा सेकंद झाले. तेराव्याला कॅमेरा डावीकडे वळला. शालीत गुरफटलेली कुमुद होडीत बसली होती, वाऱ्याने केस तोंडावर आलेले.

"अहो, माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "तिकडे जाळं बघा!" आणि हसली.

भागुबाईने पदर तोंडाला लावला. दीपेशने हळूच लॅपटॉप बंद केला.

मॅडमनी नोटिशीची फाईल पुढे ओढली. "नोटीस मागे घेते," त्या म्हणाल्या. "पण दादा, तुमचा जबाब लागेल. क्लिप खोट्या तारखेने देणाऱ्याचं नाव लिहावं लागेल."

"ऱ्हाऊ द्या मॅडम," विठोबा पुढे झाला. "माझा परवाना राहिला, झाला. पोरीचा नाव नका लिहू."

"नाव लिहिलं नाही तर गावात दीपेशचंच राहील," दादा म्हणाले. "लिहा."

अनुया दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. मॅडमनी पेन उघडलं.

"पूर्ण नाव?"

"अनुया वर्तक."

"तुमचं नातं?"

दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मुलगी," ते म्हणाले, आणि मॅडमनी दाखवलं तिथे सही केली.