फुलकोबीला किती मतं?

निवडणूक चिन्ह म्हणून मला फुलकोबी मिळाली, त्या दिवशी महापालिकेबाहेरच्या टपरीवर एक माणूस टक लावून बघत होता. माझ्याकडे नव्हे, फुलकोबीकडे. सराव म्हणून मी एक विकत घेऊन हातात धरली होती.

"ही भाजी की प्रचार?"

"आत्ता प्रचार. संध्याकाळी भाजी."

तो हसला. एकाच गालाला खळी पडली. दुसरा गाल अपक्ष असावा, माझ्यासारखा.

हा कुंदन. साप्ताहिकात राजकीय सदर लिहायचा. सहा निवडणुका, सहा अंदाज, सहाही आपटलेले. इतके, की उमेदवार पेढे घेऊन यायचे, "साहेब, आम्ही पडणार असं लिहा ना!"

मला निवडून येऊन आमच्या प्रभागातल्या बंद अभ्यासिकेचं कुलूप काढायचं होतं. म्हणून मीही म्हणाले, "लिहा, तेजल पडणार."

"तसं वाटलं तर लिहीन. सातवा चुकला तर सदर बंद होणार आहे... यावेळी लोकांना विचारून लिहिणार."

"आधी कसं लिहायचात?"

"इथे बसून."

मग आठवडाभर मी पुढच्या दारात, तो मागच्या. हातात वही, तोंडात तोच प्रश्न, "मत कुणाला?" अख्खा प्रभाग मला ताई म्हणायचा, ऐंशी वर्षांचे मल्हारीबाबासुद्धा. तो एकटा म्हणायचा नाही... का बरं?

एकदा प्रभागातल्या नवसाबाईंनी मला दारात थांबवलं. "तो पेपरवाला मत विचारून गेला. मग म्हणे, तेजल चहात साखर किती घेते? ही कसली पाहणी गं?"

मी फुलकोबी घट्ट धरली.

गुरुवारी सदर आलं – 'तेजल येणार.'

मी फोन केला. "घातलंत ना खड्ड्यात! एक ओळ खोटी लिहिली असती तर?"

"बसलो होतो लिहायला. पण तुमचं नाव लिहिलं आणि... पुढे खोटं लिहिता येईना."

मी फोन ठेवला. मतमोजणीपर्यंत उचललाच नाही.

एकोणीस मतांनी आले.

गुलालाच्या गर्दीत तो आला, पडलेल्या उमेदवारासारखं तोंड करून. "नाव खराब केलंत माझं. सकाळपासून एक पेढा नाही!"

"सदर बंद पडायचं तर वाचलं ना?"

"वाचलं. पण आता आपलं... म्हणजे, तुमचं-माझं जमेल का, याचा अंदाज लिहायचा झाला, तर काय लिहू? सहादा चुकलो, एकदा बरोबर आलो. माझा मलाच भरवसा नाही."

खळीत थोडा गुलाल अडकला होता. मी तो पुसला नाही. पुसावासा वाटला, एवढंच.

"लिहू नका," मी म्हणाले. "विचारा."

त्याने वही काढली. पेनचं टोपण दोनदा पडलं.

"मत... कुणाला?"

"तुम्हाला. आणि साखर दीड चमचा. नीट लिहून घ्या, नंतर चुकाल."